हाकेला ओ आली नाही तर

भिवंडी तालुक्यातलं दापोडे आज गोदामांचं गाव म्हणून ओळखलं जातं. अंजूरफाटा ते माणकोली या पट्ट्यात भाताच्या खाचरांच्या जागी पत्र्याच्या उंच शेडा उभ्या राहिल्या आणि मुंबईच्या घराघरांत पोचणारा माल इथून फिरू लागला. कंटेनर, टेम्पो, त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीस्वार, खोक्यांच्या थप्पीवर चढलेले हमाल. अशा ठिकाणी डोक्याला मार लागणं ही नवलाची गोष्ट नसते. जखमी माणूस भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात नेला जातो, तिथून गरजेप्रमाणे कळव्याला, सायनला नाहीतर परळला. मग आयसीयूच्या दाराशी चपलांचा ढीग आणि एकेकट्याने आत जायची परवानगी. आत गेलेला प्रत्येक जण खाटेवर वाकतो आणि एकच गोष्ट विचारतो. आगरी घरातली आई असेल तर तिचे शब्द असतात, ‘बाला, मना वलखलास का?’ यंत्रमागावरच्या कारागिराचा भाऊ तेच भोजपुरीत किंवा तेलुगूत विचारतो.

हा प्रश्न फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मरणाबद्दल सांगतो तेव्हा तो याच खाटेपाशी येऊन थांबतो. आजाऱ्याभोवती जमलेली माणसं, मला ओळखतोस का, मला ओळखतोस का, असं विचारत आहेत. आरुणी म्हणतो की वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परम देवतेत विरून जाईपर्यंत तो ओळखतो. ते घडलं की ओळखत नाही. आधी बोलणं जातं, मग कळणं, मग श्वास, शेवटी अंगाची ऊब. हा क्रम ज्याने सांगितला त्याने मरणारी माणसं जवळून पाहिली असली पाहिजेत.

पण बोलणं आणि कळणं गेलेलं दिसतं आहे, श्वास आणि ऊब मात्र टिकून आहे, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहिली तर काय म्हणायचं? आरुणीच्या काळात अशी माणसं फार दिवस जगत नसावीत. आता जगतात. त्यांच्या खाटेपाशी आत्मा, प्राण आणि चैतन्य हे शब्द प्रवचनात राहत नाहीत. नळी काढायची की ठेवायची, हे त्यांच्यावर ठरू लागतं.

बृहदारण्यकोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात याहून धीट प्रसंग आहे. गार्ग्य नावाचा विद्वान काशीचा राजा अजातशत्रू याला ब्रह्म शिकवायला येतो आणि एकेका उत्तरावर अडतो. तेव्हा राजा त्याचा हात धरून त्याला एका झोपलेल्या माणसापाशी नेतो. आधी राजा मोठमोठ्या नावांनी हाक मारतो. माणूस उठत नाही. मग हाताने हलवतो. माणूस उठतो. आता राजा विचारतो की हा झोपला होता तेव्हा याच्यातला जाणणारा कुठे होता, आणि आत्ता तो कुठून आला? कौषीतकी उपनिषदात हाच प्रसंग येतो, तिथे राजा काठीने ढोसतो.

हाक, मग स्पर्श, मग टोचणी. अपघात विभागातला शिकाऊ डॉक्टरही याच पायऱ्यांनी जातो. माणूस आपणहून जागा आहे का? हाकेला डोळे उघडतो का? दुखवलं तर हलतो का? की कशालाच नाही? ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये याच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आज तिच्यात डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6, म्हणजे सगळे मिळून 15. काहीच प्रतिसाद नसला तरी 3. केस पेपरवर ‘जीसीएस’ म्हणून लिहिलेला आकडा तो हाच. नखाच्या मुळाशी पेन दाबणं, खांद्याजवळचा स्नायू चिमटीत धरून आवळणं, हे पाहणाऱ्या नातेवाइकाला क्रूर वाटतं. पण हात दुखऱ्या जागेकडे येतो, नुसता मागे ओढला जातो, की कोपरात विचित्र वळतो, यावरून मेंदूची इजा किती खोल आहे याचा अंदाज येतो.

शंकराचार्यांनी अजातशत्रूच्या प्रसंगावर भाष्य करताना दोन गोष्टी केल्या आहेत. त्यांचा एक मुद्दा असा की राजाने ज्या नावांनी हाक मारली ती प्राणाची होती. झोपेतही श्वास चालू असतो, म्हणजे प्राण जागा असतो. तरी स्वतःच्या नावाला तो ओ देत नाही. तेव्हा जाणणारा प्राणाहून वेगळा. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी विरोधकाचा आक्षेपही प्रामाणिकपणे मांडला आहे. हाक मारली आणि उठला नाही, एवढ्यावरून तो तिथे नाही असं कसं म्हणता? गाढ झोपलेला माणूसही स्वतःच्या नावाला लगेच उठत नाही, पण असतोच ना? आचार्य त्यावर उत्तर देतात. पण डॉक्टरांसाठी तो आक्षेप आजही जिवंत आहे, आणि महाराष्ट्राने तो एका खाटेपाशी अनेक वर्षं पाहिला.

27 नोव्हेंबर 1973 रोजी परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली गेली, मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या. रुग्णालयातल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना जबरदस्तीने भरवणं थांबवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये मुंबईच्या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी नेमलं: टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि सायनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. निलेश शहा.

त्यांचा अहवाल निकालपत्रात आहे आणि तो प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. शरीर स्वच्छ, कृश, अंग मुडपून पडलेलं. मनगटं आणि गुडघे आखडून पक्के झालेले. इतक्या वर्षांत अंगावर एकही बेडसोर नाही, जुन्या जखमेची खूणसुद्धा नाही. डोळे उघडे, जाग आहे. नावाने हाक मारली तर सुसंगत प्रतिसाद नाही, आवाजाच्या दिशेने मान वळत नाही. उठवलं की अर्थ न लागणारे मोठे आवाज काढतात, न छेडलं तर शांत असतात. ऐकणं, पाहणं, स्पर्श आणि हालचाल यांचे मेंदूतले प्राथमिक मार्ग शाबूत आहेत. पण त्या मार्गांनी आलेलं कुणाला तरी कळतं आहे, याचा निश्चित पुरावा मिळाला नाही.

त्याच अहवालात दुसराही मजकूर आहे. खोलीत गर्दी झाली की त्या आवाज काढत, गर्दी पांगली की शांत होत. हळुवार स्पर्शाने निवत. मासे किंवा चिकनचं सूप मिळालं की चेहऱ्यावर हसू येई, आवडलेलं गिळत, नावडतं थुंकून देत. सप्टेंबर 2010 मध्ये मलेरियाचा ताप आला आणि नाकातून नळी घालावी लागली, तोवर त्या तोंडाने खात होत्या. कायमस्वरूपी अचेत जागृतावस्थेचे, म्हणजे जाग आहे पण भान नाही या स्थितीचे, बहुतेक निकष लागू पडतात, असं तिघांनी लिहिलं. बहुतेक, सगळे नव्हे. या एका शब्दात त्या तिघांची सचोटी आहे. 7 मार्च 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाताईंना सांभाळणारे केईएमचे कर्मचारी हेच त्यांचे जवळचे, आणि त्या कर्मचाऱ्यांना अरुणाताई जगायला हव्या आहेत, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याच निकालाने उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची वाटही, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, देशात पहिल्यांदा खुली केली.

सूप पाहून आलेलं हसू म्हणजे अरुणाताईंना कळत होतं का? त्या वेळी दोन तट पडले. एकांचं म्हणणं, ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. नवजात बाळाचा चेहराही गोडाने खुलतो आणि कडूने आक्रसतो, त्यासाठी मेंदूचा वरचा थर लागत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं भरवणाऱ्या हाताला जे समजलं ते तासाभराच्या तपासणीला समजणार नाही. पहिल्यांचं शरीरशास्त्र बरोबर आहे. पण दुसऱ्यांच्या म्हणण्याला नंतरच्या आणि आधीच्याही संशोधनाने जो आधार दिला, तो आपल्याकडच्या चर्चेत पुरेसा आलाच नाही.

ब्रिटनमध्ये कीथ अँड्रूज आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अचेत म्हणून पाठवलेले 40 रुग्ण पुन्हा नीट तपासले. 17 जणांना भान होतं. बेल्जियममधल्या 2009 च्या अभ्यासात डॉक्टरांच्या एकमताने अचेत ठरलेल्या 44 पैकी 18 जणांत, ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा तपासल्यावर, जाणिवेच्या खुणा सापडल्या. इथे कोणतंही महागडं यंत्र वापरलं नव्हतं. लागला होता तो वेळ आणि शिस्त. नजर फिरते का हे बोट हलवून पाहण्यापेक्षा रुग्णापुढे आरसा धरून तो सावकाश हलवला, तर जास्त रुग्णांची नजर मागोमाग जाते. स्वतःचा चेहरा माणसाची नजर अधिक सहज ओढून घेतो. बसवून तपासलं, औषधाची गुंगी उतरल्यावर तपासलं, सकाळी तपासलं की निष्कर्ष बदलू शकतो.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती नातेवाइकांना सांगणं अवघड असतं. ‘त्याने माझा हात दाबला’ हे वाक्य प्रत्येक आयसीयूत ऐकू येतं. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की तळहाताला स्पर्श होताच बोटं आपोआप मिटतात, तान्ह्या बाळासारखी. म्हणून अनुभवी डॉक्टर ‘हात दाबा’ एवढ्यावर समाधान मानत नाही; पुढे म्हणतो, ‘आता सोडा.’ मिटणं आपोआप होऊ शकतं, पण सांगितल्यावर सोडायचं तर ऐकणारा कुणीतरी लागतो. किंवा तो ‘दोन बोटं दाखवा’, ‘जीभ बाहेर काढा’ असं सांगतो. आणि अंग पूर्ण लुळं असेल तर ‘वर बघा’ हे सांगायला विसरत नाही, कारण मेंदूच्या देठाच्या मधल्या भागात झटका आला तर माणूस संपूर्ण शुद्धीत राहूनही फक्त डोळे वरखाली करू शकतो आणि पापण्या हलवू शकतो. फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांनी 1995 मध्ये असा झटका आल्यावर डाव्या पापणीच्या उघडझापीने अख्खं पुस्तक सांगितलं. त्यांना कुणी ‘डोळे मिचकावा’ म्हटलंच नसतं तर ते सगळ्यांच्या दृष्टीने बेशुद्धच ठरले असते.

भिवंडीसारख्या ठिकाणी याला आणखी एक पदर आहे. मराठी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू बोलणारी माणसं एकाच वॉर्डात असतात. केस पेपरवरच्या नावाने, डॉक्टरच्या भाषेत दिलेल्या हाकेला ओ आली नाही, तर घरच्या नावाने आणि घरच्या बोलीत हाक मारून पाहिल्याशिवाय ‘प्रतिसाद नाही’ असं लिहू नये. अजातशत्रूच्या मोठ्या नावांना तो झोपलेला माणूस उठला नव्हता, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

2006 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने अचेत असलेल्या 23 वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर, मग घरातल्या खोल्यांतून फिरत असल्याची कल्पना कर, असं सांगितलं. अशा वेळी निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग उजळतात, तेच तिच्याही मेंदूत उजळले. बोट न हलवणारी ती सांगितलेलं ऐकत होती. 2024 मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आज्ञेला बाहेरून कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जण, म्हणजे चारांतला एक, अशा चाचणीत आतून आज्ञा पाळत असल्याचं दिसलं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र कमी सांगितला जातो. उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या 112 रुग्णांपैकी फक्त 43 जण या चाचणीत सापडले. म्हणजे चाचणीत आलेलं ‘हो’ हे पक्कं, पण ‘नाही’ हे नव्हे.

इथे विज्ञान एका टोकाला येऊन थांबतं आणि आपल्या दर्शनांचा जुना वाद सुरू होतो. चार्वाकांचं म्हणणं, आंबवलेल्या द्रव्यांत नशा यावी तसं चार भूतांच्या मिश्रणात चैतन्य येतं. मिश्रण बिघडलं की जातं. नैयायिक आत्मा मानतात, पण जाणीव हा त्याचा येणारा-जाणारा गुण समजतात. मनाचा संयोग तुटला की आत्मा असतो, ज्ञान नसतं. अद्वैती विचारतात, गाढ झोपेतून उठून ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा ते न कळणं कुणाला कळलं? साक्षी होताच.

या तिघांपैकी कुणाचाही पक्ष खाटेपाशी सिद्ध होत नाही, आणि तो होतो असं सांगणाऱ्या डॉक्टरवर किंवा बुवावर विश्वास ठेवू नये. ओवेन यांच्या स्कॅनने आत्मा दाखवला नाही. एक ऐकणारी मुलगी दाखवली. तरी नैयायिकांचा विचार इथे सगळ्यात उपयोगी वाटतो. ‘आहे’ आणि ‘कळतं आहे’ या दोन गोष्टी ते एकमेकींत मिसळू देत नाहीत. अरुणाताईंना किती कळत होतं हा डॉक्टरांचा प्रश्न होता. त्या होत्या की नव्हत्या, हा प्रश्न केईएमच्या परिचारिकांनी स्वतःला पडूच दिला नाही. त्यांनी कुशी बदलल्या. एकही बेडसोर नाही, ही अहवालातली नोंद म्हणजे त्यांचं तत्त्वज्ञानच आहे, आणि ते कोणत्याही भाष्याइतक्या गांभीर्याने वाचायला हवं.

पण म्हणून श्वास चालू आहे तोवर माणूस आहेच, असंही म्हणता येत नाही. आचार्यांनी प्राण आणि जाणणारा वेगळे केले ते यासाठीच. मेंदूचा देठ मेलेल्या माणसाची छाती व्हेंटिलेटरवर वरखाली होत राहते, अंग गरम लागतं, हृदय चालतं. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अशा माणसाला मृत मानलं. हा केंद्रीय कायदा ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागितला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, त्याच चाचण्या करतात. बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढूनही छाती स्वतःहून उचलते का, ते पाहतात. आरुणीने सांगितलेल्या क्रमातला श्वास इथे यंत्राने धरून ठेवलेला असतो. शरीराचा स्वतःचा श्वास गेलेला आहे की नाही, एवढंच ही शेवटची चाचणी विचारते.

अशा वेळी कधी कधी मृताचे दोन्ही हात अचानक उचलून छातीवर येतात. ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची हालचाल असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. आधी समजावून सांगितलं नसेल तर घरच्यांच्या मनात ती जन्मभराची शंका ठेवून जाते. आणि कायदाही इथे दोन तोंडांनी बोलतो. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातली मृत्यूची व्याख्या जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होण्याची आहे. तिच्यात मेंदूच्या देठाचा उल्लेख नाही. अवयव द्यायचे असतील तर मृत, नसतील तर व्हेंटिलेटर काढताना डॉक्टरांचा हात थरथरतो. आपल्याकडे तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र कधी ठेवायचं, हे घरच्यांनी मग कुणाला विचारायचं?

उपचार थांबवण्याचा कायदा तरी आता पुष्कळ सुधारला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला स्थान दिलं. जानेवारी 2023 मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, आणि रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो प्रत्येकी 48 तासांत मत द्यायचं असतं. पण मंडळासमोर जो कागद येतो त्यात तपासणी कशी झाली ते असलं पाहिजे. किती वेळा झाली, कोणत्या वेळी, कोणत्या भाषेत? गुंगीचं औषध चालू असताना की बंद करून? आरसा धरला होता का? हात सोडायला सांगितला होता का?

आणि रात्रपाळीच्या सिस्टरने, मावशीने किंवा आईने जे पाहिलं, ते कुठे लिहिलं जातं? सध्या ते राउंडच्या वेळी तोंडी सांगितलं जातं, आणि घाईत हवेत विरतं. ‘थोरल्या मुलीचा आवाज आला की उजवा डोळा तिकडे जातो, जेवणानंतर, दुपारी चारच्या सुमाराला’ असं वाक्य केस पेपरवर तारखेसकट आलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्याच मुलीला उभं करून, मग तिच्या जागी परक्या आवाजाला उभं करून, डॉक्टरांना ते तपासता येतं. दहापैकी किती वेळा डोळा गेला ते मोजता येतं. हसू खरं की आपोआप आलेलं, हे ठरवायचा याहून स्वस्त मार्ग नाही. त्याला लागते एक खुर्ची, एक वही आणि रोजची वीस मिनिटं. तालुक्याच्या रुग्णालयात स्कॅनर येईल तेव्हा येईल, वहीची ही सोय येत्या सोमवारपासून करता येण्यासारखी आहे.